लोरेटासाठी केलेला तक्ता

नोरीन हॅनरॅटीने सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकच तक्ता खोटा केला, आणि त्यात एकही आकडा खोटा नव्हता. हे तिने स्वतःच मला सांगितलं. त्याआधी मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं मात्र मला म्हणता येणार नाही. ते ओघात येईलच.

आमचं ऑफिस हॅझलब्रुकच्या मुख्य रस्त्यावर, लाँड्री आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मधे. लोकांचे करविषयक कागद भरून द्यायचे, हा धंदा. जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला फुरसत नाही आणि बाकीचे महिने छोट्या दुकानदारांचे हिशेब. दारातून निघून गाडीने उत्तरेला बारा मिनिटं गेलं की न्यू जर्सी संपतं आणि न्यू यॉर्क सुरू होतं. मधे ना नदी, ना डोंगर. अलीकडच्या पंपावर माणूस येऊन पेट्रोल भरून देतो, पलीकडच्या पंपावर आपलं आपण भरायचं, एवढीच सीमा. दोन्हीकडच्या लोकांना खात्री असते, की आपल्याइतका कर उभ्या देशात कुणी भरत नाही आणि पलीकडचे मजेत आहेत. त्यामुळे दर हिवाळ्यात दहा-बारा जण तरी तोच प्रश्न घेऊन यायचे: इथेच राहू की पलीकडे जाऊ?

हा प्रश्न सगळे नोरीनकडेच पाठवायचे. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून, त्यामुळे तिचं ठरलेलं बोलणं मला तोंडपाठ झालं होतं. एखादा माणूस वर्तमानपत्राचं कात्रण पुढे करायचा, "हे बघा, न्यू यॉर्क पहिल्या नंबरवर, सगळ्यात जास्त कर!" नोरीन ते कात्रण न वाचताच परत करायची.

"ही सरासरी आहे. सरासरी माणूस कधी भेटलाय तुम्हाला? मला नाही भेटला. तुम्ही कोण ते सांगा. घर स्वतःचं की भाड्याचं? नोकरी की पेन्शन? पेन्शन सरकारी की खाजगी? वय किती? मग सांगते कुठलं राज्य तुम्हाला महाग ते."

मग ती एका कागदावर दोन रकाने पाडायची. घराचा कर, शाळेचा कर, मिळकतीवरचा कर, दुकानातल्या खरेदीवरचा कर, आणि प्रत्येकापुढे त्या माणसाला लागू होणारी सूट. एका शिक्षकाला तिने तासभर बसवून दाखवलं होतं, की जर्सीची पेन्शन घेऊन तू पलीकडे गेलास तर ते राज्य तिला आपली पेन्शन मानणार नाही आणि वीस हजारांपुढे कर लावेल. तो बिचारा घराचा बयाणा देऊन आला होता. नोरीनने त्याला सोडवून आणला.

उंच, हडकुळी बाई. कायम राखाडी स्वेटर. अकरा वाजता एक उकडलेलं अंडं, मीठ न लावता. कुणी बुटांच्या खोक्यात भरून पावत्या आणल्या तर ती खोकं परत द्यायची, "महिन्यांप्रमाणे लावून आण, मी तुझी आई नाही." पण तोच माणूस बायकोच्या आजारपणाच्या पावत्या घेऊन आला, तर स्वतः रविवारी बसून लावायची. नवरा डेनिस टेलिफोन कंपनीत होता, अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. मूलबाळ नाही. बहीण ॲरिझोनात होती, तीही गेली. उरली ती लोरेटा.

लोरेटा मास्त्रियानी तिच्या मागच्या गल्लीत राहायची. बुटकी, गोल, मोठ्या आवाजाची. बेकरीच्या काउंटरवर तिने तीस वर्षं काढली होती, आणि गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या तब्येतीची चौकशी करायची सवय बेकरी सोडल्यावरही गेली नव्हती. डेनिस गेल्यावर नोरीन तीन आठवडे दार उघडत नव्हती. चौथ्या आठवड्यात लोरेटा मागच्या दाराने आत आली आणि म्हणाली, "हे बघ, माझा नवरा साल पण याच वर्षी गेला. मला एकटीला मासे खायचा कंटाळा आलाय. शुक्रवारी तू माझ्याकडे जेवायला. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मला मासे आणायचेत." त्यानंतर चौदा वर्षं शुक्रवार चुकला नाही. मंगळवारी सकाळी दोघी तळ्याभोवती चालायच्या आणि सप्टेंबरात लोरेटाच्या तळघरातल्या दुसऱ्या स्वयंपाकघरात वर्षभराचा टोमॅटोचा सॉस करून बरण्या निम्म्या-निम्म्या वाटून घ्यायच्या.

लोरेटाचा मुलगा कार्माइन लांब होता, न्यू यॉर्क राज्यात, पण पाच तास उत्तरेला, टॅनर्स फॉल्स नावाच्या गावात. तो तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याची मुलगी रोझाली सहा वर्षांची झाली, तेव्हा त्याच्या घरापासून चार घरं सोडून एक छोटं घर विकायला निघालं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी लोरेटा ओले बूट आपटत आमच्या ऑफिसात आली.

"नोरीन, मला गिऱ्हाईक म्हणून बसव. पैसे देणारे मी."

"वेडी आहेस का? काय झालं?"

"कार्माइन म्हणतो, मा, ये इकडे. घर बघितलंय त्याने. मला जायचंय गं. त्या पोरीला मी वर्षातून दोनदा बघते, प्रत्येक वेळी नवीनच पोरगी असते. पण मला मुलाच्या मानेवर बसायचं नाही. सालच्या युनियनची पेन्शन आणि माझे सोशल सिक्युरिटीचे सरकारी पैसे, यात भागलं पाहिजे. इथल्यापेक्षा तिथे जास्त लागणार नसेल तर जाते. जास्त लागणार असेल तर विषय संपला. तू बघ आणि सांग. तू सांगशील ते."

नोरीनने कागद ठेवून घेतले. "सोमवारी ये," म्हणाली.

पुढे काय झालं ते नोरीनने मला फार नंतर सांगितलं. शनिवारी तिने तक्ता केला, खरा, नेहमीसारखा. मिळकतीवरचा कर दोन्हीकडे जवळपास काहीच नव्हता. सालची पेन्शन वीस हजारांच्या आत होती, पलीकडेही ती सुटत होती. फरक होता तो घराच्या करात. इथे लोरेटाला वर्षाला अकरा हजार यायचे, पण म्हाताऱ्यांना करवाढ परत देणारी जर्सीची योजना तिला लागू होती, म्हणून शेवटी खिशातून जायचे सात हजार शंभर. तिथल्या घराला सात हजार तीनशे. आणि त्यातून पासष्टीपुढच्या कमी मिळकतीच्या घरमालकांना शाळेच्या आणि गावाच्या करात मिळणारी सूट वजा केली, की राहायचे पाच हजार. खरेदीवरचा कर थोडा जास्त धरला तरी लोरेटाचे वर्षाला दोन हजार वाचत होते.

"मी तो कागद बघत बसले," नोरीन म्हणाली. "आणि मला शुक्रवार दिसायला लागला, उजू. रिकामा शुक्रवार. मग मंगळवार. मी उठले, चहा केला, परत बसले, आणि एक ओळ खोडली."

तिने पलीकडच्या रकान्यातली सवलतीची ओळ काढली. जर्सीच्या रकान्यातली योजना तशीच ठेवली. आता पलीकडे सात हजार तीनशे आणि वर खरेदीचा कर, इकडे सात हजार शंभर. सगळे आकडे खरे. वर तिने वर्तमानपत्रातलं कात्रण टाचलं, न्यू यॉर्क पहिल्या नंबरवर. जे कात्रण ती वर्षानुवर्षं लोकांना परत करत आली होती.

सोमवारी तो तक्ता ऑफिसच्या प्रिंटरवर आला तेव्हा मी माझे कागद घ्यायला तिथे उभी होते. चुकून तो माझ्या हातात आला. मी वाचला. डोळ्यांना काहीतरी खटकलं. पलीकडची वयाची सूट दिसत नव्हती. मी तो नोरीनला नेऊन दिला, आणि तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, गाव काही सूट देत नसेल. नोरीनला विचारायचं म्हणजे, तिच्यासारखीला, "तू चुकलीस का" असं विचारायचं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

लोरेटाने तक्ता चष्मा वर-खाली करून बघितला. "म्हणजे तिकडे जास्तच?"

"थोडं जास्त."

"आणि ते जर्सी सोडताना कापून घेतात ते? माझी चुलतबहीण सांगत होती, घर विकून राज्य सोडलं की मोठा कर लावतात. पळून जाऊ नये म्हणून."

ही अफवा आमच्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. असा वेगळा कर नाही. स्वतःचं राहतं घर विकणाऱ्या म्हातारीला एक फॉर्म भरावा लागतो, बस. नोरीनने हे शंभर जणांना समजावलं असेल. त्या दिवशी ती फक्त "हं" म्हणाली आणि स्टेपलर उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"मग झालं तर," लोरेटा म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "कार्माइनला सांगते. नोरीनने बघितलं म्हटल्यावर तो वाद घालणार नाही." दारापाशी जाऊन ती वळली. "शुक्रवारी कॉड मासा आणू की फ्लाउंडर?"

"काहीही आण," नोरीन म्हणाली.

ते घर एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

पहिलं वर्ष नोरीनने स्वतःची समजूत घालण्यात काढलं. तिकडे थंडी किती. तिथे लोरेटाचं ओळखीचं कोण आहे. सून चांगली आहे, पण चार घरांवर सासू आली की चांगलेपणा किती टिकतो. हे सगळं ती मला न विचारता सांगायची आणि मी मान डोलवायचे. लोरेटाच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढायला तिने माणूस लावला, पैसे स्वतः दिले. लोरेटाच्या वाढदिवसाला एवढा महागाचा कोट घेतला, की लोरेटा म्हणाली, "नोरीन, तू मरणार-बिरणार आहेस का? डॉक्टरने काही सांगितलंय का तुला?"

तिसऱ्या वर्षी लोरेटाने गाडी टपालपेटीला ठोकली. म्हणाली, पेटी दिसलीच नाही. मग एकदा तळ्याभोवती चालताना तिने समोरून येणाऱ्या पाद्रीबाबांना ओळखलं नाही, आणि तिच्यासारखी बाई नमस्कार न करता पुढे गेली. नोरीन तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पडद्याच्या मधोमध आजार होता, दोन्ही डोळ्यांत. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचा प्रयत्न.

"कसं दिसतं?" नोरीनने विचारलं.

"कडा दिसतात. मधे कुणीतरी अंगठा टेकवून ठेवल्यासारखं. तुझे बूट दिसतात, केस दिसतात. तू मधे कुठेतरी असशील असं मी धरून चालते." ती हसली. "एका अर्थी बरं आहे. म्हातारी झालीस ते दिसत नाही."

इंजेक्शनला नोरीन दर वेळी न्यायची. एप्रिलच्या ऐन घाईतही ती दुपारी दोनला उठायची, आणि मालक कुरकुरला तर म्हणायची, "मला काढून टाका." कार्माइन फोनवर पुन्हा पुन्हा सांगायचा, "नोरीनमावशी, तू आहेस म्हणून मी इथे झोपू शकतो. तुझे उपकार कसे फेडू?" असा फोन आला की दुसऱ्या दिवशी तिचं अकराचं अंडं डब्यातच राहायचं.

मग पुढच्या उन्हाळ्यात कार्माइन मुलीला घेऊन आठवडाभर आला. रोझाली दहा वर्षांची झाली होती. लांब पाय, गुडघ्यांवर खरचटलेलं. नोरीन पीचचा केक घेऊन गेली होती, ओव्हनमधून काढून तसाच. ती मागच्या दारातून आत आली तेव्हा लोरेटा खुर्चीवर बसलेली होती आणि पोरगी समोर उभी.

"इकडे सरक गं राणी. अजून. डावीकडे. आता तिरपी हो. नाही, मधे आलीस, मधे आलीस की तू गायब होतेस." लोरेटाने मान एका बाजूला वाकडी केली होती, कोंबडी बघते तशी. हाताने ती पोरीचा चेहरा चाचपत होती. कपाळ, नाक, हनुवटी. "दात सगळे आले का नवीन?"

"कधीच आले, नोना." आजीला ती नोना म्हणायची.

"पुढच्या दोघांत फट आहे का? तुझ्या बाबाला होती."

"आहे थोडी."

"मला दिसत नाही," लोरेटा म्हणाली, काउंटरवर पाव संपल्याचं सांगावं तशा सरळ आवाजात. "पण आहे म्हणतेस तर आहे."

नोरीनने केक टेबलावर ठेवला आणि उलटपावली निघाली. घरी न जाता ती ऑफिसात आली. शनिवार होता, मी एकटीच होते. ती माझ्यासमोर बसली आणि मघाशी सांगितलं ते सगळं, शनिवारच्या चहापासून स्टेपलरपर्यंत, तिने मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "नोरीन, मला दिसलं होतं. प्रिंटरवर. ओळ नव्हती ते."

तिने खुर्ची पुढे ओढली. "मग बोलली का नाहीस?"

"तू कधी चुकत नाहीस म्हणून."

"चुकले नव्हतेच," ती म्हणाली. "त्यालाच तर चूक म्हणता येत नाही."

मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, डोळे तर परत येणार नाहीत. तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड होईल. हे मी मनापासून म्हटलं की माझं स्वतःचं झाकायला, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. नोरीन म्हणाली, "डोळे येणार नाहीत. पण घर अजूनही विकता येतं."

तिने सप्टेंबरपर्यंत धीर गोळा केला. टोमॅटोचा दिवस होता. तळघरात चार मोठी पातेली उकळत होती, खिडक्यांवर वाफ धरली होती. लोरेटाला आता टोमॅटोची साल निघाली की नाही ते बोटांनी कळायचं. ती सोलत होती, नोरीन बरण्या भरत होती. तेरावी बरणी भरताना नोरीन म्हणाली, "लोरेटा, मी तुला फसवलंय."

"कशात? मीठ कमी घातलंस?"

"चार वर्षांपूर्वीच्या त्या तक्त्यात." आणि मग तिने न थांबता सांगितलं. सूट, कात्रण, राज्य सोडण्याचा तो नसलेला कर. सगळं.

लोरेटाचे हात टोमॅटोच्या पाण्यात तसेच राहिले.

"गॅस बारीक कर," ती म्हणाली. नोरीनने केला.

"कितीचा फरक होता?"

"वर्षाला दोन हजार. थोडे जास्तच. तुझ्या बाजूने."

"म्हणजे मला परवडत होतं."

"हो."

"उलट वाचत होते."

"हो."

लोरेटाने हात पाण्यातून काढून पुसले. मग लोरेटा बोलली. "ती सहा वर्षांची होती, नोरीन. तिचे दात पडत होते. शाळेच्या नाटकात ती गाजर झाली होती. कार्माइनने फोटो पाठवला, तेव्हा मला फोटो दिसत होते. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाईन बघायला. पुढच्या वर्षी सुनेचं ऑपरेशन निघालं. मग माझा अंगठा आला." ती डोळ्यांच्या अंगठ्याला तसंच म्हणायची. "का केलंस?"

"तू गेली असतीस म्हणून."

"मग तसं म्हणायचं! तोंड नव्हतं तुला? म्हणायचं, लोरेटा, जाऊ नकोस, मी एकटी पडेन. मी शिव्या घातल्या असत्या तुला. पण विचार केला असता. कदाचित एक वर्ष थांबले असते, तुला सोबत घेऊन गेले असते, काय माहीत! ते माझं मी ठरवलं असतं. तू मला ठरवूच दिलं नाहीस. मी तुझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले होते." तिचा आवाज फुटला. "पैसे देते म्हटलं होतं मी."

नोरीन रडली नाही. नंतर मला म्हणाली, रडायचा हक्क नव्हता.

लोरेटाने टोमॅटो टाकून दिले नाहीत. ती तसली बाई नव्हे. दोघींनी सगळी पातेली संपवली. एकतीस बरण्या झाल्या. दर वर्षी नोरीन पंधरा घेऊन जायची. त्या दिवशी ती रिकाम्या हाताने जिना चढली, आणि लोरेटाने थांबवलं नाही.

पुढच्या गुरुवारी लोरेटा टॅक्सीने आमच्या ऑफिसात आली. काठी टेकत ती नोरीनच्या टेबलापाशी न थांबता पुढे आली आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "उजू ना तू? आवाज दे म्हणजे कळेल."

"मीच."

"मला दोन राज्यांचा तक्ता करून हवाय. आजच्या भावाने. सगळ्या ओळी घाल."

नोरीन दोन हातांच्या अंतरावर बसली होती, समोर कागद धरून. तो पानभर कागद तिने तासभर उलटला नाही. मी ओळ न् ओळ मोठ्याने वाचत लिहिली. अजूनही लोरेटाच्याच बाजूने होतं, आणि डोळ्यांमुळे थोडी जास्तच सूट बसत होती. मी तिला सांगायला हवं होतं, की पहिला तक्ता मीही बघितला होता. तिने पैसे मोजून दिले, माझा हात दाबला, म्हणाली, "तू नीट केलंस." मी "थँक यू" म्हटलं. एवढंच म्हटलं.

मार्चमध्ये घर विकलं गेलं. सामान न्यायच्या दिवशी नोरीन न बोलावता गेली आणि झाडू घेऊन तळघर झाडायला लागली. कार्माइन खोकी उचलत होता. तो जिन्यात थांबला.

"मिसेस हॅनरॅटी," तो म्हणाला. आजवर तो तिला मावशी म्हणत आला होता. "मी इतकी वर्षं तुमचे आभार मानत होतो. दर महिन्याला. तुम्ही ऐकून घेत होतात. मला एवढंच समजून घ्यायचंय, कसं ऐकवलं तुम्हाला?"

"ऐकवत नव्हतं," नोरीन म्हणाली.

"पण ऐकलंत."

"हो."

तो खोकं घेऊन वर गेला. नोरीनने झाडणं पूर्ण केलं, झाडू जागेवर ठेवला आणि मागच्या दाराने घरी आली.

त्यानंतर तिने तक्ते करणं सोडलं. कुणी विचारायला आलं की म्हणायची, "ते उजूकडे." बाकीचं काम तेवढ्याच काटेकोरपणे करायची, पण माणसांवर खेकसणं कमी झालं. बुटांची खोकी ती निमूट ठेवून घ्यायला लागली. मला ती खेकसणारी नोरीन बरी वाटायची. शुक्रवारी ती मासे खात नसे. मी दोन-तीनदा घरी बोलावलं. आली, वरण-भात आवडीने खाल्ला, आठ वाजता उठून गेली.

दोन वर्षं लोरेटाचा फोन नाही. नोरीन ख्रिसमसला पत्र टाकायची, मोठ्या जाड अक्षरात, कडेने वाचता येईल असं. उत्तर यायचं नाही. मग मे महिन्यात एका रविवारी फोन वाजला.

"रोझालीची सॉफ्टबॉलची मॅच आहे शनिवारी. कार्माइन त्या दिवशी पंच आहे, सून हॉस्पिटलात ड्यूटीवर. माझ्याशेजारी बसून मैदानात काय चाललंय ते सांगायला कुणी नाही. शेजारची बाई सांगते, पण ती सगळंच छान छान सांगते."

नोरीन पहाटे निघाली. पाच तास गाडी चालवून ती टॅनर्स फॉल्सला पोचली, तेव्हा लोरेटा लाकडी बाकावर बसलेली होती, मांडीवर घोंगडी. कार्माइनने लांबून मान हलवली, जवळ आला नाही.

"बस," लोरेटा म्हणाली. "सगळं सांग. आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललीस तर ऊठ आणि जा."

नोरीनने सांगायला सुरुवात केली. रोझाली दुसऱ्या बेसच्या खुणेपाशी उभी आहे. पहिला चेंडू तिच्या हातून सुटला. दुसरा पण. ती रागावलीये, माती लाथेने उडवतेय. उंच झालीये, खांदे कार्माइनसारखे. चेहरा लांबट. कपाळावर पुरळ आलंय, ते झाकायला केस पुढे घेतलेत, वाईट दिसतात. आत्ता तिसऱ्या बेसवरची मुलगी काहीतरी म्हणाली, त्यावर ती हसली. हसताना तोंड हाताने झाकते.

"का झाकते?"

"दातांना तारा आहेत. आणि फट अजून आहे, म्हणून असेल."

लोरेटाने घोंगडी ओढून घेतली. "सांगत राहा," म्हणाली.

रोझालीचा संघ हरला. नोरीनने तेही सांगितलं, किती फरकाने ते सुद्धा. मग कार्माइनकडे सगळे जेवले. तो फार बोलला नाही, पण निघताना तिच्या गाडीच्या काचेवरची माती त्याने पुसून दिली. आता नोरीन महिन्यातून एकदा जाते. तिकडचे लोरेटाचे कागद गावातला दुसरा कुणीतरी भरतो. नोरीन त्याबद्दल विचारत नाही, लोरेटा सांगत नाही.

मी एकदा विचारलं, "तिने माफ केलं का गं तुला?"

"मी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "विचारलं तर ती हो म्हणेल, आणि मला ते खरं आहे की नाही ते कळणार नाही."

प्रिंटरवरचं ते मी लोरेटाला अजून सांगितलेलं नाही. दर महिन्याला नोरीन निघाली की म्हणते, "येतेस का बरोबर? ती तुझी चौकशी करते." मी म्हणते, पुढच्या वेळी.